सरळ गल्ल्या, वाकडी नदी

सकाळचे साडेआठ. पाचकंदील चौकात ऊन केव्हाच तापलंय. कोवळं ऊन धुळ्यात होळीबरोबर संपतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन-चार दिवसांवर आली आहे. रस्त्याच्या कडेला लाल मातीच्या घागरी ओळीने मांडल्यात, तोंडं वर. त्यांच्या शेजारी डांगरांचे ढीग. पुण्या-मुंबईकडे ज्याला खरबूज म्हणतात, ते इथलं डांगर. आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, आणि सासरी गेलेल्या लेकींनी माहेरी येऊन झोके घ्यायचे. म्हणून या चार दिवसांत बाजाराला मुलींच्या बापांची गर्दी जास्त.

एक म्हातारा घागर उचलतो, कानाशी धरतो, बोटाच्या पेराने ठोकतो. दुसरी ठोकतो. तिसरी.

"वाजाडी देख ना बापू, चांगली वाजाडी देख," विकणारी बाई म्हणते. "भट्टी मनी घरनी शे."

"कितलाले देशी?"

ती आकडा सांगते. म्हातारा घागर खाली ठेवतो, दोन पावलं चालतो, थांबतो. ती हाक मारत नाही. तो परत येतो. या खेळात दोघंही मुरलेले.

चौकातून पुढे दोंडाईच्याच्या मिरचीची पोती उघडी पडलीत. त्या बाजूने वारा आला की अख्खी रांग शिंकते आणि कोणीही त्याबद्दल तक्रार करत नाही. उन्हाळा हा वर्षाचं तिखट भरून ठेवायचा काळ. मिरची तोलणाऱ्या पोराने नाकातोंडाला रुमाल बांधलाय, डोळे लाल. गिऱ्हाईक मूठभर मिरच्या हातात घेऊन देठ मोडून पाहतं. कडकन मोडला तर वाळलेली, वाकला तर नाही.

मी आग्रा रोडला लागतो. मुंबईहून आग्र्याला जाणारा रस्ता एके काळी गावाच्या पोटातून जायचा, तो हा. आता अवजड गाड्या बाहेरून जातात आणि इथे साड्या, भांडी, चपला, मोबाइलची कव्हरं विकली जातात. नाव मात्र तेच आहे. इथून आग्र्याला कोणी जात नाही.

गल्ल्या सुरू होतात. गल्ली नंबर चार. गल्ली नंबर पाच. गल्ली नंबर सहा. दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर, कुरिअरच्या पाकिटांवर हाच पत्ता. कोणी कोणाला भेटायला सांगतं, "पाच नंबरमध्ये ये." तोंडाशी उभं राहिलं की गल्लीचं दुसरं टोक दिसतं. मधे कुठे वळण नाही, गाय आडवी बसली असेल तेवढाच अडथळा. ज्याने जुनी मराठी गावं पाहिलीत, देवळाला वळसा घालून वाड्याच्या भिंतीला घासून जाणारे बोळ पाहिलेत, त्याला हे थोडं विचित्रच वाटतं. इतकं सरळ कोण राहतं?

हे आखलंय एका कॅप्टनने. खानदेश इंग्रजांकडे आला १८१८ साली. जॉन ब्रिग्ज हा इथला पहिला पोलिटिकल एजंट. मुक्काम कुठे करायचा, तर आग्रा रस्त्यावर, मुलखाच्या मधोमध असलेल्या धुळ्यात. गाव तेव्हा केवढं? १८१९ च्या मोजणीत घरं ४०१, माणसं २,५०९. ब्रिग्जने कचेऱ्या उठवल्या, लांबून कारागीर आणले, व्यापाऱ्यांना बोलावलं. घर बांधायला जागा कायमची बिनभाड्याची. वर बांधकामाला उचलही. माणसं आली. काटकोनात काटकोन मिळत गेले. २०११ च्या जनगणनेत याच गावात पावणेचार लाख माणसं भरली.

गल्लीत आत शिरलं की मात्र पट्टीने मारलेल्या रेघेला केस फुटलेले दिसतात. कोणाचा ओटा हातभर पुढे आलाय. ओट्यावर शिवणयंत्र, यंत्रापुढे पत्र्याची पडवी, पडवीपुढे मोटारसायकल. सागवानी खांबांवर तोललेलं एक घर आणि त्याला चिकटून काचेचं दवाखान्याचं दार. पाण्याचे निळे ड्रम दारोदार. नळ आज येणार की उद्या, यावर दोन ओट्यांमध्ये चर्चा चालू आहे.

"पानी उनं का व तुम्हनाकडे?"

"कोठलं वं माय!"

वर गच्चीवर बिबडे घातलेत. ज्वारीचा शिजवलेला चीक ओल्या फडक्यावर थापून वाळवायचा. संध्याकाळी फडकं उलटं करून पाणी शिंपडलं की बिबडा सुटतो. शेजारच्या गच्चीवर कुरडया. राखणीला एक दहा-अकरा वर्षांची मुलगी, डोक्यावर आईची ओढणी, हातात काठी. कावळे तिला जुमानत नाहीत. ती मधूनच एक ओला, अर्धवट वाळलेला तुकडा तोडून स्वतःच्या तोंडात टाकते. अर्धवट वाळलेल्या बिबड्याची चव ज्याला माहीत आहे तो तिला रागावणार नाही.

मेक्सिकोत, युकातानच्या मुलखात, इसामाल नावाचं एक पिवळं गाव आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश पाद्र्यांनी तिथलं माया लोकांचं देवस्थान उतरवलं आणि त्याच प्रचंड चौथऱ्यावर, त्याच दगडांनी आपला मठ बांधला. वर क्रूस, खाली माया. ब्रिग्ज साहेबाने तसं केलं नाही. जुनं गाव त्याने होतं तसं नदीकाठी राहू दिलं आणि बाजूला आपलं नवं मांडलं. त्यामुळे इथे थरावर थर नाही. एक थर दुसऱ्याच्या शेजारी बसलाय. 'जुने धुळे' असा पत्ता आजही लिहितात. तिथे शिरलो की पाय आपोआप वळायला लागतात. बोळ नदीकडे उतरतो, मधेच थांबतो, मारुतीला विचारून डावीकडे जातो.

दहा वाजून गेलेत. कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली सावली आहे तेवढी माणसं आहेत. सावली सरकते तशी माणसं सरकतात. मुद्रांक विकणारा, अर्ज लिहून देणारा, झेरॉक्सवाला, लिंबूपाण्याची गाडी. या झाडाखाली मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतो, कारण इथे जिल्हा बसलेला दिसतो.

साक्री तालुक्यातून आलेलं एक कुटुंब पायरीशी बसलंय. नवरा, बायको, म्हातारी, कडेवर पोर. भिल्ल असावेत. म्हातारीच्या पायात चांदीची जाड कडी, झिजून गुळगुळीत झालेली. सगळी कागदपत्रं एका साड्यांच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत. पिशवी नवऱ्याच्या छातीशी. वनहक्काचा दावा आहे. २००६ च्या कायद्याने जंगलात पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या जमिनीवर हक्क मागता येतो, पण कसत होतो हे दाखवावं लागतं. दाखवायचं कशाने? दंडाची जुनी पावती, गावच्या म्हाताऱ्याचा जबाब, बांधावरचं महूचं झाड. ज्या पावतीने एके काळी बापाला गुन्हेगार ठरवलं, तीच आज मुलाचा पुरावा. अर्ज लिहिणारा चष्मा कपाळावर सरकवतो आणि एकेक कागद उन्हाकडे धरून पाहतो.

"सन कितवं?"

नवरा बायकोकडे पाहतो. बायको म्हातारीकडे. म्हातारी सांगते, मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी. लिहिणारा मान डोलवतो आणि ७१ लिहितो. ७२ चा दुष्काळ महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

धुळे जिल्ह्यात शंभरातली एकतीस-बत्तीस माणसं आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची. कंपनी सरकारला या मुलखात सगळ्यात जड गेले ते भिल्लच. सातपुड्याचे आणि सातमाळ्याचे घाट त्यांच्या हातात होते. आधी पलटणी पाठवल्या. डोंगरातल्या तापाने शिपाईच जास्त मेले. मग १८२५ मध्ये जेम्स आउट्रम नावाच्या तरुण लेफ्टनंटने भिल्लांचीच पलटण उभी केली. तिचं ठाणं इथून पूर्वेला, आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावात. पुढे १८५८ च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात अंबापाणीला बंडात उतरलेल्या खाज्या नाईकाच्या माणसांची इंग्रजांशी लढाई झाली, तेव्हा काही भिल्ल सरकारी गणवेशात होते आणि काही डोंगरात. या आवारात त्यातलं काही दिसत नाही. दिसते ती रांग. आत एक खिडकी आहे, खिडकीवर "जेवणाची वेळ" अशी पाटी लावायची तयारी आहे, आणि अजून पावणेबारासुद्धा झालेले नाहीत.

लिंबूपाणीवाला बर्फ फोडतो. त्या आवाजाने दोन पोरं जागी होतात.

खानदेश हा एकच जिल्हा होता १९०६ पर्यंत, अफाट. मग त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे पडले. पूर्व म्हणजे जळगाव, पश्चिम म्हणजे धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघालं. दर वाटणीत कागदाचे गठ्ठे एका गावातून दुसऱ्या गावात गेले असणार. म्हणून या झाडाखाली अजूनही कोणी ना कोणी विचारत असतो, माझे कागद इथे का नंदुरबारला?

बारा. आता चालणं म्हणजे हट्ट. रस्ता चटके देतोय. दुकानांची शटरं अर्ध्यावर आलीत, आत पंख्याखाली मालक आडवे. मी एका खानावळीत घुसतो. शेवभाजी, कळण्याची भाकर, वर कांदा. रस्सा लाल नाही, काळपट आहे. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा आणि काळ्या मसाल्याचा. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत हे खायचं आणि वर घाम पुसत ताक प्यायचं, याला बाहेरचे लोक वेड म्हणतात. शेजारचा इसम दुसऱ्यांदा रस्सा मागवतो. वाढणारा न विचारता तिसऱ्यांदाचाही घेऊन येतो.

जेवून निघतो तो तुरुंगाच्या भिंतीशी येतो. दगडी, उंच, कडेला मुलाखतीला आलेल्या बायका. कोणी डबा आणलाय. तो आत जाईल की नाही हे कळायला वेळ आहे. १९३२ मध्ये या तुरुंगात विनोबा होते. फेब्रुवारी ते जून, दर रविवारी ते कैद्यांसमोर गीतेवर बोलायचे. अठरा अध्याय, अठरा रविवार. समोर बसून साने गुरुजी ते लिहून घेत. पुढे त्याचं पुस्तक झालं आणि देशातल्या कितीतरी भाषांत गेलं. मला त्या जूनमधल्या रविवारांचा विचार येतो. पाऊस लांबला असेल तर दगडी बराकीत काय उकाडा असेल, आणि घामाने भिजलेल्या हाताखाली कागद कसा सरकत असेल.

नदीकडे निघतो. वाटेत एक थंड इमारत, राजवाड्यांच्या नावाची. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे दप्तरांच्या मागे गावोगाव हिंडले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, आणि ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले. पुढच्याच वर्षी इथल्या लोकांनी त्यांच्या मागचं दप्तर सांभाळायला मंडळ उभं केलं. व्हरांड्यात दगडी मूर्ती. आत रुमालात बांधलेले कागद. एक गृहस्थ भिंगाने मोडी वाचतायत आणि ओठ हलतायत. याच गावात समर्थांच्या हस्तलिखितांसाठी शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३५ मध्ये वाग्देवता मंदिर बांधलं. रामदासांच्या हातचं रामायण तिथे आहे. व्यापारासाठी साहेबाने फुकट जागा वाटलेल्या गावात इतका जुना कागद येऊन का राहिला, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मग पांझरा.

पुलावरून खाली पाहतो. नदी म्हणजे वाळूत विखुरलेली चार-दोन डबकी, हिरवट. एका डबक्यात म्हशी, एकात पोरं. वर अक्कलपाड्याच्या धरणातून आवर्तन सुटेल तेव्हा पाणी. हीच नदी १८७२ च्या सप्टेंबरमध्ये गावात घुसली होती, घरं घेऊन गेली. तिला पाहून आज विश्वास बसणार नाही. पण पुलाच्या कठड्याशी पान खात बसलेल्या माणसाला पुराचं विचारून पाहा. तो वेगळ्याच सालाचा पूर सांगेल, हाताने पाणी कुठवर आलं होतं ते दाखवेल.

तो माणूस नेरच्या बाजूचा आहे, सत्तरीचा, पांढरं धोतर, टोपी. पोरीला आणायला आलाय. गाडीला अवकाश आहे. त्याला बोलायला माणूस हवाच होता.

"आम्हना आजला पाटकरी व्हता," तो सांगतो.

पांझरेवर जागोजागी दगडी बंधारे आहेत, इंग्रजांच्या आधीपासूनचे. बंधाऱ्यातून पाट निघतो, उताराने शिवारात जातो. सगळं शिवार फडांत वाटलेलं. बहुतेक गावात चार. एका फडात एका साली सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस, एकात गहू, एकात भात, एकात ज्वारी-बाजरी. पुढच्या साली पिकं फिरतात. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात थोडाथोडा, म्हणजे पाणी कमी पडलं तर सगळ्यांनाच कमी. पाणी सोडायला पाटकरी, त्याच्यावर हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या. मजुरी धान्यात. पाटातला गाळ काढायला घरटी माणूस. नियम तोंडी.

"कोणले कितला येळ पानी, सगळं त्याले तोंडपाठ. कागद नही, काही नही."

"आणि आता?"

"बंधारा शे. पाट शे." तो पिंक टाकतो. "पानी नही."

ब्रिग्जने १८१९ मध्ये धुळ्याचं वर्णन केलंय ते असं: छोटं गाव, भोवती बागायत, आणि नदी व पाट यांच्या मधे अडकलेलं. म्हणजे साहेबाची पट्टी कागदावर पडली त्याच्या कितीतरी आधी या जमिनीवर रेघा होत्या. फरक एवढाच, की त्या उताराचं ऐकून वाकत होत्या. पुढे १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या नोकरीत लागलेला विश्वेश्वरय्या नावाचा तरुण इंजिनीअर पहिल्याच नेमणुकीवर याच खोऱ्यात आला आणि साक्रीकडे दातर्तीला त्याने नळाचा सायफन बांधला, ऐन पावसाळ्यात. फडांची ही वाटणी त्याने पाहिली असणारच. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्याने जी गट पद्धत आणली, तिच्यात आणि फडात मला तरी नातं दिसतं.

म्हाताऱ्याला विश्वेश्वरय्यांचं नाव माहीत आहे. आजाचं नाव त्याने दोनदा सांगितलंय.

पूल ओलांडला की देवपूर, आणि काठावर एकवीरा देवी. चैत्री पुनवेची यात्रा होऊन गेलीय, तरी दोन पाळणे आणि एक बांगड्यांची ओळ अजून हललेली नाही. फरशी इतकी तापलीय की बायका टाचांवर धावतात. कोणीतरी पोत्यांवर पाणी शिंपडून पायवाट केली आहे. मंडपात जावळाची पोरं. एकाचं निम्मं डोकं भादरून झालंय आणि तो वस्तऱ्याखालून निसटून पळतोय. मागे मामा. नवसाला आलेल्यांत मध्य प्रदेशाच्या गाड्या, गुजरातच्या गाड्या, शिरपूरकडचे पावरा, धुळ्यातल्या चार नंबरमधले व्यापारी. घंटा एकच आहे. तिच्यासाठी उड्या मात्र सगळ्यांना माराव्या लागतात. फार उंच टांगलीय.

पाच वाजता बस स्थानक. ऊन तिरपं झालंय, पण पत्र्याखालची हवा तशीच. इथे तीन मोठे रस्ते भेटतात: मुंबई–आग्रा, सुरत–नागपूर आणि सोलापूरकडून येणारा. त्यामुळे पाट्या वाचायला मजा येते. शिरपूर. सेंधवा. नंदुरबार. चाळीसगाव. पिंपळनेर. पिंपळनेरची गाडी नदीच्या उलट्या दिशेने जाते, कुसुंबा, नेर, साक्री करत, पांझरा जिथून येते त्या डोंगरांकडे. तिच्याच फलाटावर सगळ्यात जास्त गर्दी.

ऊसतोडीहून परतलेली कुटुंबं गुजरातेतून इथवर आलीत. हंगाम संपला. बोचकी, पातेली, पत्र्याची पेटी, गुंडाळलेली ताडपत्री, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. बायकांना आता अर्धं तिकीट, त्यामुळे हिशेब करायला पुरुषांची बोटं पुरत नाहीत. कारखान्याच्या मुकादमाकडे उचल किती फिटली आणि किती राहिली हा दुसरा हिशेब. तो ते मोठ्याने करत नाहीत.

गाडी लागते. थांबायच्या आधीच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, एक पोर आत जातं. पोर म्हणजे तीन जणांची जागा. वाहक दारात उभा राहून ओरडतो, उतरणाऱ्यांना उतरू द्या. कोणी ऐकत नाही. चालक खाली उतरून चाकाला लाथ मारून पाहतो आणि चहाला निघून जातो.

"कुठलं?"

"साक्रीना पुढे, फाट्यावर."

"किती?"

"दोन फुल, तीन बाया, ही लहान शे."

"ही लहान?" वाहक मुलीला दारातल्या उंचीच्या खुणेशी उभं करतो. ती गुडघे वाकवते. वाहक पाहतो, तिकीट फाडतो, कोणतं फाडलं ते दिसत नाही.

"आणि कोंबड्या?"

"कोंबड्यांना सीट नको, साहेब. मांडीवर बसतीन."

मागची माणसं ढकलतात. पेटी अडकते, तिरकी होते, सुटते. मंत्रालयात जावं तशी इस्त्रीची कापडं घातलेला एक मास्तर पातेल्यावर बसतो आणि लगेच पेपर उघडतो. शेजारच्या फलाटावर शिरपूरची गाडी वळते आहे. तिकडे रुमाल सरसावले जातात.